ब्रेबोर्न स्टेडियम

मुंबई येथील क्रिकेटचे एक प्रसिद्ध क्रीडागार. दक्षिण मुंबईत चर्चगेट रेल्वेस्थानकाच्या नजीक, वीर नरिमन रस्ता व दिनशा वाच्छा रस्ता यांच्या परिसरात ते वसलेले आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या मालकीचे हे स्टेडियम ७ डिसेंबर १९३७ रोजी खुले झाले. केवळ क्रिकेटसाठी योजून भारतात बांधल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या कायमस्वरूपी क्रीडागारांत त्याची गणना होते. १९४८ ते १९७३ ह्या काळात मुंबईतील सर्व कसोटी सामने येथेच झाले. त्यानंतर छत्तीस वर्षे येथे एकही कसोटी सामना झाला नाही. खेळपट्टी बिघडली नव्हती, किंवा वास्तू मोडकळीसही आली नव्हती. ह्या खंडास प्रेक्षकांच्या आसनांची वाटणी कोणी करावयाची, हा वाद कारणीभूत झाला. असाच वाद स्टेडियमच्या पहिल्या हंगामातही उद्‌भवला होता. त्यामुळे ब्रेबोर्नचा इतिहास हा जसा खेळाचा, तसाच क्रीडागाराची मालकी व त्याचा सार्वजनिक उपयोग यांच्या परस्परसंबंधाचाही इतिहास आहे.

पार्श्वभूमी : मुंबईतील क्रिकेट आरंभी उघड्या मैदानांवर वाढले. यूरोपीय व पारशी यांच्यातील वार्षिक सामन्यांना १८९२ पासून प्रथम दर्जाचे स्वरूप प्राप्त झाले. १९०७ मध्ये हिंदू संघ सहभागी झाल्याने हे सामने तिरंगी, तर १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने चौरंगी झाले. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात झाला आणि लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक (११८) तेथेच झळकावले. ह्या मैदानावर कायमची प्रेक्षागारे नव्हती. सामन्यापुरते मांडव व तंबू उभारून ते पुढे काढून टाकीत. शिवाय, ज्या जिमखान्याचे ते मैदान होते, त्याचे सभासदत्व त्या काळी भारतीयांना मिळत नसे. एखाद्या जमातीच्या जिमखान्याचे नसलेले आणि अखिल भारतीय स्वरूपाचे असे क्रीडागार असावे, ही कल्पना ह्या परिस्थितीतून पुढे आली.

लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या धर्तीवर १९३३ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करण्यात आली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले अँथनी डी मेलो हे ह्या योजनेमागील मुख्य प्रेरक होते. लॉर्ड्‌स हे मैदान जसे मेरिलबोन क्लबच्या मालकीचे आहे, तसेच मुंबईचे नवे स्टेडियमही क्लबच्याच मालकीचे असावे, असे ठरले. ह्या निर्णयाचे दूरगामी परिणाम पुढे दिसून आले.

जागा व बांधकाम : स्टेडियमची जागा बॅकबे भरणी योजनेतून मिळाली. अरबी समुद्राच्या उपसागरात भराव घालून नवी जमीन निर्माण करण्याची ही योजना पहिल्या महायुद्धानंतर हाती घेण्यात आली होती. तिच्यातील विलंब व गैरव्यवहार यांवर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कठोर टीका केली. त्यांच्याच स्मरणार्थ आज स्टेडियमजवळील रस्ता ‘वीर नरिमन रस्ता’ म्हणून ओळखला जातो. भरावातून निघालेल्या जमिनीपैकी सु. ९०,००० चौ. यार्ड (सु. ७५,००० चौ. मी.) जागा क्लबला दर चौ. यार्डास साडेतेरा रुपये ह्या दराने मिळाली. हे साध्य होण्यामागे मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांची अनुकूलता होती. सरकारी तिजोरीत पडणारे जादा पैसे हवेत की आपले नाव चिरंतन राहावयास हवे, असा प्रश्न डी मेलो यांनी त्यांना विनोदाने केला, अशी आख्यायिका सांगितली जाते. स्टेडियमला मात्र त्यांचेच नाव देण्यात आले.

लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या हस्ते २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसविण्यात आली. वास्तूचा आराखडा ग्रेगसन, बॅटली अँड किंग ह्या वास्तुशिल्पी संस्थेने तयार केला आणि बांधकाम शापूरजी पालनजी यांच्या संस्थेने केले. सु. दीड वर्षात ते पुरे झाले. ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांचा पाहुणा इंग्लिश संघ व क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचा संघ यांच्यातील सामन्याने स्टेडियमचा वापर सुरू झाला. तोपर्यंत लॉर्ड ब्रेबोर्न बंगालचे गव्हर्नर म्हणून कलकत्त्यास गेले होते.

रचनेच्या दृष्टीने स्टेडियमचे दोन भाग पडतात. पहिला भाग क्लबगृह व त्याला लागून असलेले पॅव्हिलियन यांचा असून तो सभासदांसाठी आहे. त्यात भोजनगृह, सभागृहे, इतर खेळांच्या सोयी व निवासाच्या खोल्या आहेत. खेळाडू त्याच वास्तूत मुक्काम करून तेथूनच थेट मैदानावर उतरू शकत. ही सोय पाहुण्या संघांना विशेष आवडे. दुसरा भाग मैदानाभोवतीच्या प्रेक्षागारांचा असून तो तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आहे. सरळ व वक्र रेषांचा साधा मेळ साधणारी आर्ट डेको शैली त्या काळात बॅकबे भरणीवरील इमारतींत रूढ होती आणि स्टेडियमच्या वास्तूवरही तिची छाप आहे. ह्या परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत २०१८ मध्ये समावेश झाला. स्टेडियमची प्रेक्षकक्षमता सध्या सु. २०,००० आहे.

पंचरंगी सामने व आसनांचा पहिला वाद : १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ सहभागी झाल्याने चौरंगी सामने पंचरंगी झाले आणि त्याच वर्षी ते ब्रेबोर्नवर भरविण्यात आले. पूर्वी जिमखान्याच्या मैदानावर तात्पुरत्या मांडवांतील जागांची वाटणी त्या त्या वेळी होत असे. आता जागा कायमच्या झाल्या आणि त्या वाटण्याचा अधिकार मालक असलेल्या क्लबकडे आला. आपल्या सभासदांना पुरेशा जागा मिळत नाहीत, ह्या कारणावरून हिंदू संघाने त्या वर्षीच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. स्पर्धा मुस्लिम संघाने जिंकली. पुढील हंगामात हिंदू संघ परतला. तथापि मालक संस्था व तिकिटांचे वाटप करू इच्छिणाऱ्या संस्था यांच्यातील ताण तेव्हापासून राहिला.

जमातवार संघांच्या ह्या स्पर्धेला विरोधही वाढत गेला. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधी यांनी अशा सामन्यांविषयी आपली नापसंती जाहीर केली. संस्थांच्या वा महाविद्यालयांच्या संघांमधील स्पर्धा समजू शकतात, परंतु धर्मानुसार संघ पाडण्याचे कारण दिसत नाही, असा त्यांचा रोख होता. १९४५–४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद झाली. ह्या थोड्या वर्षांत ब्रेबोर्नवर क्रिकेटचे काही असाधारण विक्रम घडले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या. त्यास उत्तर देताना रेस्ट संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या. तरीही रेस्ट संघाचा एक डाव व ६१ धावांनी पराभव झाला. त्याच हंगामात महाराष्ट्राविरुद्धच्या रणजी करंडक सामन्यात मर्चंट यांनी मुंबईकडून नाबाद ३५९ धावा काढल्या. मार्च १९४५ मधील मुंबई व होळकर यांच्यातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात एकूण २,०७८ धावा निघाल्या. विजयासाठी ८६७ धावांची आवश्यकता असलेल्या होळकर संघाने ४९२ धावा काढल्या. त्यांत डेनिस कॉम्पटन यांच्या नाबाद २४९ धावा होत्या. मुंबईने हा सामना ३७४ धावांनी जिंकला. फलंदाजीस अतिशय अनुकूल अशी येथील खेळपट्टीची ख्याती ह्या सामन्यांमुळे पसरली.

कसोटी सामने (१९४८–७३) : येथील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला आणि अनिर्णित राहिला. त्याच मालिकेतील शेवटचा सामना फेब्रुवारी १९४९ मध्ये येथेच झाला. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. ८ गडी बाद ३५५ धावा झाल्या असता, म्हणजे केवळ सहा धावा बाकी असता, खेळ थांबविण्यात आला. वेळ पुरती संपण्यापूर्वीच पंचांनी यष्ट्यांवरील दांड्या उचलल्या, ही हळहळ क्रिकेटरसिकांत पुढे दीर्घकाळ राहिली. १९५२ मध्ये पाकिस्तानवर दहा गडी राखून मिळविलेला विजय हा भारताचा ह्या मैदानावरील पहिला कसोटी विजय होय. १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध विनू मंकड यांनी २२३ धावा काढल्या व भारताने डावाने विजय मिळविला. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, मन्सूर अली खान पतौडी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावांचे लक्ष्य दोन गडी राखून गाठले. ब्रेबोर्नवरील सर्वांत रोमहर्षक विजयांत ह्याची गणना होते.

ह्या काळात प्रेक्षकवर्गही खेळाइतकाच चर्चेचा विषय होता. जानेवारी १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक काढणाऱ्या अब्बास अली बेग यांचे मैदानात धावत येऊन एका तरुणीने चुंबन घेतले, ही घटना त्या वेळी बरीच गाजली. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात वेंकटराघवन यांना बाद ठरविल्यावरून प्रेक्षक खवळले. बाटल्या फेकल्या गेल्या, प्रेक्षागारांत आगी लावण्यात आल्या आणि मैदान धुराने भरून गेले. १९७३ मध्ये सलीम दुराणी यांना कानपूरच्या सामन्यातून वगळले असता ‘दुराणी नाहीत, तर कसोटी नाही’ अशा आशयाचे फलक मुंबईत झळकले. ब्रेबोर्नवरील सामन्यात त्यांचा पुन्हा समावेश झाला आणि पहिल्या डावात त्यांनी ७३ धावा काढल्या. प्रत्यक्ष सामना पाहू न शकणारा प्रेक्षकवर्ग त्याहून कितीतरी मोठा होता. आकाशवाणीवरील समालोचनामुळे, विशेषतः बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठी समालोचन रूढ केल्यानंतर, नासिक, सोलापूर वा जळगावसारख्या शहरांतील श्रोत्यांनाही हे स्टेडियम प्रत्यक्ष न पाहता परिचयाचे झाले.

आसनांचा दुसरा वाद व वानखेडे स्टेडियम : मुंबईतील सामने भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट संघटनेची (तत्कालीन बॉम्बे क्रिकेट असोसिएशन), तर स्टेडियम मात्र क्लबचे, अशी दुहेरी व्यवस्था होती. संघटनेशी संलग्न असलेल्या शेकडो क्लबांना तिकिटे द्यावयाची असत आणि स्वतंत्र भारतात क्रिकेटची लोकप्रियता वाढत गेल्याने त्यांची मागणीही वाढत होती. उलट, स्टेडियमची देखभाल क्लबच्या खर्चाने होत असल्याने आणि सभासदांना आसने देणे बंधनकारक असल्याने, आपला वाटा कमी करावयास क्लब राजी नव्हता. दोन्ही बाजूंना आपापल्या दृष्टीने आधार होता. परंतु जागा मर्यादित असल्याने तडजोड निघू शकली नाही.

ह्या वेळी संघटनेचे अध्यक्ष शेषराव कृष्णराव वानखेडे (१९१४–८८) हे होते. विदर्भातून आलेले व महाराष्ट्राच्या राजकारणात महत्त्वाची पदे भूषविलेले वानखेडे यांनी संघटनेचे स्वतःचे स्टेडियम उभारण्याचा निर्णय घेतला. ब्रेबोर्नपासून एक किलोमीटरच्याही आत, चर्चगेट व मरीन लाइन्स ह्या स्थानकांदरम्यानच्या जागेवर, वास्तुशिल्पी शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सु. तेरा महिन्यांत नवे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये भारत व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामना तेथे झाला. त्या सामन्यात क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावून आलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केल्यामुळे तेथेही दंगल उसळली. ब्रेबोर्नवरील शेवटचा कसोटी सामना फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध झाला होता. तो तेथील सतरावा होता. अशा रीतीने चालण्याच्या अंतरावर दोन मोठी क्रिकेट स्टेडियम असलेले शहर, असे मुंबईचे आगळे चित्र निर्माण झाले.

पुढील काळ : कसोटी सामने गेले, तरी मैदान ओस पडले नाही. स्थानिक स्पर्धा व पाहुण्या संघांचे सराव सामने येथे होत राहिले. १९८९ मध्ये नेहरू करंडक स्पर्धेतील ऑस्ट्रेलिया व पाकिस्तान यांच्यातील एकदिवसीय सामना येथे झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना सचिन तेंडुलकर यांनी नाबाद २०४ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांचे हे पहिले द्विशतक होय. ५ नोव्हेंबर २००६ रोजी चँपियन्स ट्रॉफी स्पर्धेचा अंतिम सामना येथे झाला. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय ट्‌वेंटी-२० सामनाही २० ऑक्टोबर २००७ रोजी भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात ह्याच मैदानावर झाला.

२०११ च्या विश्वचषक स्पर्धेसाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी सुरू झाल्याने डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना ब्रेबोर्नवर घेण्यात आला. वीरेंद्र सेहवाग यांनी २९३ धावा केल्या, भारताने ९ बाद ७२६ धावांवर डाव घोषित केला आणि एक डाव व २४ धावांनी सामना जिंकला. ह्या विजयामुळे भारत कसोटी क्रमवारीत प्रथमच अग्रस्थानी पोहोचला. महिलांच्या क्रिकेटमध्येही ह्या स्टेडियमला महत्त्वाचे स्थान आहे. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला व त्यात ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजवर ११४ धावांनी विजय मिळविला. महिला प्रीमियर लीग स्पर्धेचे २०२३ व २०२५ मधील अंतिम सामनेही येथेच झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या प्रशासकीय अडचणींमुळे भारत व वेस्ट इंडीज यांच्यातील एकदिवसीय सामना वानखेडेवरून ब्रेबोर्नवर हलविण्यात आला. एकेकाळी संघटनेने सोडलेले मैदान अशा प्रकारे तिच्या अडचणीच्या वेळी पुन्हा उपयोगी पडले.

इतर उपयोग : क्लबगृहाच्या परिसरात टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश, पोहणे व बिल्यर्ड्‌झ यांच्या सोयी आहेत. २००६ व २००७ मध्ये येथील टेनिस क्रीडांगणांवर पुरुषांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा भरविण्यात आली. बिल्यर्ड्‌झच्या दालनाला विल्सन जोन्स ह्या भारतीय विश्वविजेत्याचे नाव देण्यात आले आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे कार्यालयही वानखेडे स्टेडियमच्या आवारात स्थलांतरित होईपर्यंत दीर्घकाळ येथेच होते. मैदानाचा उपयोग संगीताच्या जाहीर कार्यक्रमांसाठीही झाला असून एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ह्या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम येथे झाला.

स्टेडियम व मैदान : ब्रेबोर्नचे वेगळेपण महाराष्ट्रातील इतर शहरांच्या क्रीडांगणांशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. उदा., नासिक येथे त्र्यंबक रस्त्यावरील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान (पूर्वीचे गोल्फ क्लब मैदान) हे खुले मैदान आहे. नासिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी वध करणाऱ्या व १९ एप्रिल १९१० रोजी फाशी गेलेल्या क्रांतिकारकाचे नाव त्यास देण्यात आले आहे. महाराष्ट्र संघाचे रणजी करंडक सामने तेथे झाले असून २०१८ व २०२५ मधील सामने त्यांपैकी होत. ह्याच जागी फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते आणि राजकीय सभाही भरतात. जानेवारी २०२४ मध्येही अशी मोठी सभा झाली होती. अशा मैदानावर बसण्याच्या जागा कायमच्या नसतात, त्यामुळे त्यांच्या वाटणीचा प्रश्नही कायमचा नसतो. त्याचबरोबर मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी लागणारी प्रेक्षागारे, खेळाडूंच्या सोयी व नियमित उत्पन्नही तेथे नसते. कायमच्या वास्तूने क्रिकेटला स्थैर्य व उत्पन्न मिळवून दिले. परंतु तिच्याबरोबर प्रत्येक आसनावर कोणाचा हक्क, हा प्रश्नही आला.

ब्रेबोर्न स्टेडियम आजही क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्याच मालकीचे आहे. तेथे एकूण अठरा कसोटी सामने झाले असून त्यांपैकी सतरा १९७३ पर्यंतचे आहेत. मुंबईतील कसोटी सामने सर्वसाधारणतः वानखेडे स्टेडियमवर होतात. पर्यायी मैदान म्हणून, तसेच महिलांच्या व स्थानिक स्पर्धांसाठी ब्रेबोर्नचा उपयोग चालू आहे. ह्या स्टेडियमच्या अनुभवानंतर मुंबईत जे नवे स्टेडियम उभारले गेले, ते एखाद्या खाजगी क्लबऐवजी सामने भरविणाऱ्या संघटनेच्या मालकीचे झाले.